जी रडत नव्हती

दवाखान्यातून सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून एकच गोष्ट दोनदा सांगितली. "देखो, ये भूख लगने पर रोएगी नहीं. इसके रोने का इंतज़ार मत करना. सोती रहेगी और सोते-सोते कमज़ोर होती जाएगी. इसको जगाना तुम्हारा काम है."

मी मान हलवली. माझ्या मांडीवर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मुलगी होती, आठवा महिना लागता लागता झालेली. डोकं एखाद्या मोठ्या संत्र्याएवढं. खांद्यांवर बारीक लव. कानाची पाळी इतकी मऊ की एकदा दुमडली की दुमडलेलीच राहायची, मी बोटाने सरळ करायची. डोळे मिटलेले. दवाखान्यात होती तेवढ्या दिवसांत मी तिचे उघडे डोळे दोन-तीनदाच पाहिले असतील.

"आणि रडली तर?" मी विचारलं. आधी मराठीतच विचारलं, मग हिंदीत.

"तो मिठाई खिलाना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

रडण्याबद्दल मी विचारलं त्याला कारण होतं. मला जुळं झालं होतं. दोघी मुली. ऑपरेशनच्या टेबलावर माझं कमरेखालचं अंग बधिर केलेलं, मध्ये हिरवा पडदा. पहिली बाहेर आली आणि इतक्या जोरात रडली की पडद्यापलीकडे कोणीतरी हसलं. "बाप रे, ये तो पूरे वार्ड को जगाएगी!" दुसरी आली तेव्हा काहीच आवाज आला नाही. पलीकडची घाई वाढली, कोणीतरी भराभर अंग चोळत होतं, आणि बऱ्याच वेळाने मांजराच्या पिलासारखं एकदाच काहीतरी वाजलं. माझा सगळा जीव त्या दुसरीत अडकला. पहिलीची मला काळजीच वाटली नाही.

वाचली ती दुसरी. पहिली दुसऱ्या दिवशी गेली. फुप्फुसं कच्ची होती, असं मला सांगितलं गेलं. मी खालच्या मजल्यावर टाके घेऊन पडलेली, उठून बसताही येत नव्हतं, आणि कच्च्या बाळांची खोली वरच्या मजल्यावर. मी तिला पाहिलं नाही. दाखवायचं की नाही यावर बाहेर काहीतरी बोलणं झालं असावं, दारातून कुजबुज ऐकू आली होती. मग माझे यजमान तिला थेट नदीवर घेऊन गेले. परतले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत ओली वाळू होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिचं माझ्याकडे एवढंच राहिलं, पडद्यापलीकडचं ते रडणं.

रायपुरात आम्ही नवे होतो. राज्य नवीन झालं, भोपाळच्या कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि आमच्या ह्यांचं नाव इकडच्या वाट्याला आलं. राजधानी म्हणायची, पण कचेऱ्यांना जागा नव्हती. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं. ह्यांचं टेबल होतं त्या हॉलच्या भिंतीवर चुन्याखालून पलंगांचे नंबर अजून दिसत. हे त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, बाळंतपणाच्या आधी. नंतर ऑफिसचं काही सांगायचे तर फायलींचंच सांगायचे.

घर बूढापाऱ्यात, तळ्याच्या रस्त्यावरून आत शिरणाऱ्या एका गल्लीत. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणापलीकडे घरमालकीण. तिला सगळे अम्माजी म्हणत. माझी आई आधीच गेलेली, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आर्वीहून आल्या होत्या, एक ट्रंक आणि डिंकाचे लाडू घेऊन. अम्माजीने छट्ठी, म्हणजे सहाव्या दिवसाची पूजा, कधी करणार म्हणून विचारलं तेव्हा सासूबाईंनी तिला सांगितलं, "हमारे में नहीं होता, हम बौद्ध हैं." आणि आत येऊन मला म्हणाल्या, "माही आजी सटवाई पुजे. सटवाईनं कपाळावर लिहिलेलं तिलेही वाचता येत नव्हतं अन् मलेही नाई येत. आपन आपलं पोट्टीले पाजाचं पाहू."

दर दोन तासांनी पाजायचं होतं. सांगायला सोपं वाटतं. पण ती उठायचीच नाही. पदराखाली घेतली की तोंड लावायची, दोन-चार घोट ओढायची, आणि जबडा थांबायचा. ओठ तसेच, दूध तोंडात तसंच, आणि ती झोपलेली. झोपेत चमच्याने घालायचंही नव्हतं. ठसका लागला तर दूध छातीत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे आधी जाग, मग दूध.

"उघडं कर तिले," सासूबाई म्हणायच्या. "पुरं उघडं कर. उबेत ठेवशीन तं झोपूनच राहीन."

मी लुगडं सोडायची, झबलं काढायची, लंगोट बदलायची. थंडीचे दिवस, त्यामुळे शेगडी जवळ. तळपाय अंगठ्याने चोळायचे. कानामागे गुदगुल्या. ओल्या फडक्याचं टोक कपाळावरून फिरवायचं. उभी धरून पाठीवरून खालून वर हात. मग तिच्या कपाळाला आठी पडायची, एक डोळा किलकिला व्हायचा, आणि तेवढ्यात तिला पदराखाली घ्यायचं. तो डोळा मिटायच्या आत जेवढं जाईल तेवढं तिचं. उरलेलं मी वाटीत पिळून काढायची आणि ती पुन्हा जराशी हलली की चमच्याने थेंब थेंब. एक पाजणं संपेपर्यंत पुढच्या पाजण्याची वेळ व्हायची.

सासूबाई तिच्याशी सतत बोलत. "अवं पोट्टे, ऊठ. तुही माय उपाशी बसून राहिली तुह्यासाठी. ऊठ, किती झोपतं? कोनता नांगर हाकून आली तू?" मला बोलता यायचं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. झोपलेल्या बाळाचा चेहरा आणि गेलेल्या बाळाचा चेहरा यांत किती फरक असतो, ते मला माहीत नव्हतं, कारण मी एकच पाहिला होता.

रात्री सासूबाई आणि हे आळीपाळीने माझ्याबरोबर बसत, त्यामुळे रात्रीची भीती नव्हती. भीती दुपारी यायची. हे ऑफिसात, सासूबाई जेवून अंगणात उन्हाकडे पाठ करून बसलेल्या, गल्लीतली स्कूटरींची वर्दळ थांबलेली. तळ्याकडून धोबिणींचा आवाज यायचा तोही बंद. अशाच एका दुपारी मी तिला शेकून बाजूला निजवलं आणि मला रडणं ऐकू आलं.

तान्ह्या बाळाचं रडणं. जोरदार, भुकेचं, एका दमात. मी आधी पोरीकडे पाहिलं. ती गाढ झोपलेली. मग आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला आणि मी दारात गेले. तेवढ्यात माझ्या छातीत कळ आली, पान्हा फुटला आणि ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजला. दवाखान्यातून आल्यापासून दूध असं कधी उतरलं नव्हतं, पिळून पिळून काढावं लागायचं.

अम्माजी अंगणात मटार सोलत होती. मी तिला विचारलं, "अम्माजी, बाजू में किसका बच्चा रो रहा है?"

तिने हात थांबवले, कान दिला. "कहाँ? इस गली में छोटा बच्चा तो एक तुम्हारा ही है, बहू."

"नहीं, अभी रो रहा था."

"बिल्ली होगी," ती म्हणाली, पण माझ्या ओल्या पदराकडे पाहत तिने पुन्हा मटार हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कधी दुपारी, कधी संध्याकाळी दिवे लागताना. मी ते रडणं ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, खोटं कशाला बोलू. जी माझ्या मांडीवर होती ती रडत नव्हती, आणि जी रडत होती ती मांडीवर नव्हती. तिला भूक लागायची, माझं दूध तिच्यासाठी उतरायचं, आणि मी हातात वाटी घेऊन बसलेली असायची.

मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच. हे संध्याकाळी यायचे, हातपाय धुऊन पोरीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायचे आणि मगच चहाला हात लावायचे. त्यांना आणखी काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पण सासूबाईंच्या नजरेतून काय सुटणार. एका दुपारी मी रडणं ऐकून दाराकडे गेले तर त्या उंबऱ्यातच बसलेल्या.

"काहून उठतं घडीघडी? टाके आहेत ना पोटाले."

"काही नाही, आई."

"काही नाई कसं? रोज पाहून राहिली मी. कान देतं अन् उठतं. काय ऐकू येते तुले?"

मी उभ्याउभ्याच रडायला लागले. म्हटलं, "रडते ती. मोठी."

मला वाटलं त्या म्हणतील, भास आहे, मन घट्ट कर. किंवा दृष्ट काढतील, मिरच्या ओवाळतील. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग म्हणाल्या, "आता रडून राहिली का?"

"हो."

"दूध उतरलं?"

मी पदर बाजूला केला.

"मंग बसून काहून आहेस? इले घे. लवकर घे. तिच्यानं उतरलं तं तिनं बहिनीसाठीच उतरवलं समज. वाया नको घालू."

आणि त्यांनी आतून पोरीला उचलून आणलं, येता येताच तिचं लुगडं सोडलं, तिच्या तळपायांना चोळत माझ्या मांडीवर दिलं. पोरीने तोंड लावलं. दूध आपोआप येत होतं, तिला ओढायचे कष्ट पडले नाहीत. तिला नुसतं गिळायचं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा वाटीवाचून प्यायली. ओठांच्या कडेने दूध ओघळलं आणि सासूबाईंनी ते बोटाने टिपून तिच्याच ओठाला लावलं.

त्यानंतर आमचं असं ठरूनच गेलं. मी मान वर केली की सासूबाई हातातलं टाकून विचारायच्या, "आली का?" आणि पोरीला जागं करायला घ्यायच्या. मी मोठीच्या रडण्यावर धाकटीला पाजत होते. ह्याचा आधारही वाटे आणि भीतीही वाटे. पाजताना मी मनात म्हणायची, रागावू नकोस. तिचं रडणं पाजणं संपलं की थांबायचं. पण कधी कधी थांबायचंच नाही, आणि तेव्हा मला वाटायचं, ती दूध मागत नाहीये, हिला मागतेय. ही एवढी का झोपते, कोणाजवळ जाते, हा विचार एकदा डोक्यात आला की तो काढता येईना. सात महिने दोघी एकमेकींना चिकटून होत्या. माझ्यापेक्षा त्यांची ओळख जुनी.

मग ती सकाळ आली. पाजायची वेळ झाली आणि मी नेहमीसारखं लुगडं सोडलं. तळपाय चोळले, कानामागे, पाठीवर, ओलं फडकं. कपाळाला आठी पडली नाही. मी हात उचलला आणि सोडला, तो कापसासारखा खाली पडला.

"आई, ही उठत नाहीये."

"पाय चोळ."

"चोळले. सगळं केलं."

सासूबाईंनी पोरीच्या पोटाला आपला गाल लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "गार पडली," त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या चोळीच्या गाठी सोडल्या, पोरीला उघड्या अंगाने छातीशी लावलं आणि वरून शाल गुंडाळली. "ऑटो आण."

मी पोट धरून गल्लीत धावले. अम्माजीने माझ्याआधी कोपऱ्यावर जाऊन ऑटोवाल्याला ओढून आणलं. आम्ही बसलो आणि निघालो, आणि सदर बाजारात येऊन अडकलो. लग्नसराई होती. दोन्ही बाजूंना सोनारांच्या दुकानांपुढे स्कूटरी लावलेल्या, मधोमध कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी झालेली. भोंगे वाजत होते, आणि त्या भोंग्यांच्या वर मला ते रडणं ऐकू येत होतं. नेहमी ते बाजूच्या खोलीतून यायचं. आज ते रस्त्यावर होतं, आमच्या पुढे होतं आणि पुढे पुढे जात होतं.

"भैया, निकालो ना," मी ओरडले.

"दीदी, कहाँ से निकालूँ, आप ही बताओ."

सासूबाई उतरल्या. त्यांनी शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्या गर्दीत शिरल्या. आयुष्यात कधी त्यांना मी मोठ्याने हिंदी बोलताना ऐकलं नव्हतं. "हटो! बच्चा है! हटो बाजू!" गठ्ठे उतरवणारे बाजूला झाले, एका सोनाराने आपली स्कूटर फुटपाथवर घेतली. मी त्यांच्या मागे, एक हात टाक्यांवर, एक हात त्यांच्या पदराला. त्यांच्या शालीतून एक इवलंसं पाऊल बाहेर आलं होतं आणि मी चालताना त्या पावलाकडेच पाहत होते. ते जांभळट होतं.

दवाखाना बाजार ओलांडला की जवळच होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वर, कच्च्या बाळांच्या खोलीत नेलं. रक्तातली साखर उतरली होती, अंग थंड पडलं होतं. टाचेतून रक्त घेतलं, सुई टोचली, दिव्याच्या उबेत ठेवलं, नंतर नाकातून नळी घालून माझंच दूध दिलं. टाचेला सुई टोचली तेव्हाही ती रडली नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अच्छा किया छाती से लगाकर लाए. कपड़े में लपेटकर लातीं तो देर हो जाती." मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बाहेर बाकावर बसून चोळी बांधत होत्या.

त्या खोलीत मी पहिल्यांदाच जात होते; आधी धाकटीला खाली माझ्याजवळ आणून देत. दूध द्यायला मला तिथे बसू देत. दिव्यांखाली ओळीने बाळं, प्रत्येकाचं पोट भराभर वरखाली होणारं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तिथल्या सिस्टरला विचारलं, "मेरी दूसरी वाली यहीं थी क्या?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग ओळखलं. "जुड़वाँ वाली? हाँ. उस कोने में थी."

कोपऱ्यात कोणाचातरी मुलगा होता, हातमोजे घातलेला.

"बहुत रोती थी," सिस्टर म्हणाली. "साँस पूरी नहीं पड़ती थी, फिर भी रोती थी. मैं पेट पर हाथ रखती थी तो चुप हो जाती थी. हाथ हटाया कि फिर शुरू." ती औषधाची बाटली हलवत होती ती थांबली. "आखिर में भी मेरा हाथ था."

मी तिचे हात पाहिले. साधे, धुऊन धुऊन कोरडे पडलेले हात. मी त्या कोपऱ्याजवळ उभी राहिले. तिथे मला काही ऐकू आलं नाही. पण एवढं कळलं की तिला कोणीतरी हात लावला होता, आणि त्या रात्री मला बाळंतपणानंतरची पहिली सलग झोप लागली.

घरी आणल्यावर पुन्हा तेच चक्र सुरू झालं. उघडं करा, चोळा, जागं करा, पाजा. फरक एवढाच की मी आता तिच्याशी बोलायला लागले. काहीही बोलायची. आज भाजीला काय केलं, अम्माजीची सून कधी येणार, तुझे बाबा चष्मा विसरून गेले. रडणं ऐकू यायचंच, पण मी दारापर्यंत जायची नाही. बसल्या जागी पोरीला घ्यायची. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर तिचं वजन हळूहळू चढत होतं. गालांना जरा आकार आला. कान दुमडला तर आपला आपण सरळ व्हायला लागला.

थंडी सरत आली होती. एका सकाळी मी अंगणात लंगोट वाळत घालत होते आणि रडणं सुरू झालं. मी सवयीने हातातला लंगोट दोरीवर टाकला, ओट्यावर बसले, ब्लाउजची बटणं सोडली आणि सासूबाईंची वाट पाहत बसले. त्या पोरीला आणतील, मग पाजायचं. रडणं वाढलं. मी भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिले.

आतून सासूबाई ओरडल्या, "अवं, बहिरी झाली का तू? पोट्टी रडून राहिली!"

"आणा ना तिला, आई. दूध उतरलंय."

"आणा काय? तुही पोट्टी रडून राहिली! ही! ही रडते, ही!"

मला कळायला वेळ लागला. मग मी आत धावले. पाळण्यात ती लाल झाली होती, मुठी आवळलेल्या, हिरड्या दिसत होत्या, आणि तिचा आवाज तोच होता. अगदी तोच. मी तिला उचललं तर तिने माझ्या गळ्याशी, हनुवटीशी, जिथे सापडेल तिथे तोंड मारायला सुरुवात केली. पाजताना मला तिला एकदाही चोळावं लागलं नाही. तिचे डोळे उघडे होते. काळेभोर, माझ्यावर रोखलेले. सासूबाई खाली जमिनीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून हसत होत्या की रडत होत्या ते मला दिसलं नाही. अम्माजी दारात आली. "हव, अब सुना मैंने," ती म्हणाली. "अब आई आवाज़."

दुपारी रडणं आलं ते पोरीचंच. संध्याकाळीही तिचंच. मी दिवे लागताना वाट पाहत बसले. दुसरं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी एकदा नजरेनेच विचारलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. घरात सगळे आनंदात होते. ह्यांनी ऑफिसातून येताना पेढे आणले, डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिले. आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ओक्साबोक्शी रडायला लागले. मोठी गेली त्याला दीड-दोन महिने झाले होते, पण माझ्यासाठी ती त्या आठवड्यात गेली.

हे धावत आले. त्यांना वाटलं टाके दुखले. मी म्हटलं, "ती आता येत नाही." त्यांना काही कळलं नाही, मग मी सगळं सांगितलं. ते ओट्याला टेकून उभे राहिले. हातात पाण्याचा पेला होता, तो तसाच.

मग म्हणाले, "केस खूप होते तिला. तुझ्यासारखे. काळे."

मी कणकेचे हात तसेच धरून विचारलं,

"कशात गुंडाळलं होतं?"

"माझ्या मफलरमध्ये. दवाखान्याची चादर देत होते, पण ती पातळ होती. थंडी होती ना."

तो मफलर ऑफिसात हरवला असं मी समजून होते. ते पुढे बोलत राहिले. ऑफिसातला एक मित्र बरोबर होता. घाटावरच्या माणसाने वाळूत खड्डा केला, पण खोल नाही असं ह्यांना वाटलं आणि त्यांनी स्वतः उतरून हातांनी आणखी वाळू काढली. वर दगड ठेवले. ऑटोतून जाताना वाटेत ऑटोवाल्याने विचारलं होतं, बाळ झोपलंय का, आणि हे हो म्हणाले होते. एवढं सांगून ते अंगणात गेले आणि नळाखाली तोंड धूत राहिले.

सासूबाई उन्हाळा लागताच आर्वीला परत गेल्या. पोरगी मोठी होत गेली. आम्ही बूढापारा सोडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी क्वार्टर मिळालं. मुलगी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते, इथल्या सगळ्या मुलांसारखी. ती चारेक वर्षांची असताना एका रविवारी सकाळी आम्ही तिघं महादेव घाटावर गेलो. मीच म्हटलं होतं, मला ती जागा दाखवा. जाताना मेणबत्ती घेतली.

हे पाण्याच्या कडेने चालत राहिले. थांबले, मागे फिरले, पुन्हा पुढे गेले. मध्ये इतके पावसाळे गेले होते, नदीने काठ खाल्ला होता, वाळू इकडची तिकडे झाली होती. दगड तर सगळीकडेच होते. शेवटी एका ठिकाणी उभे राहून म्हणाले, "इथेच कुठेतरी." त्यांचा आवाज असा लागला की मी लगेच म्हटलं, "हो, इथेच." मेणबत्ती वाऱ्याने राहीना. तिसऱ्यांदा विझली तेव्हा मी ती तशीच वाळूत रोवून ठेवली.

मुलगी चपला हातात घेऊन आमच्याकडे पाहत होती. "यहाँ कौन रहता है?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझी बहीण. तुझ्याआधी आली होती."

"दीदी?"

"हो."

"तो बुलाओ ना उसको."

मग तिनेच चपला खाली टाकल्या, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि पाण्याकडे तोंड करून पूर्ण ताकदीने ओरडली, "दीदी! ओ दीदी!" पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. मुलगी हात खाली घेऊन वाट पाहत उभी राहिली, आणि आम्हीही.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "चला, ऊन चढून राहिलं." मी तिच्या पायांची वाळू झटकली, चपला घातल्या आणि तिला कडेवर घेतलं, खरं तर ती आता कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नव्हती.